‘लग्न झाल्यावर बघू’

(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या बाबा मंडळींनो,

वाण वाटायच्या आधी मला दहा मिनिटं दिलीत, आभारी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काम केलंय, तेव्हा आज जरा मोकळेपणाने बोलते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, तरी पुन्हा रक्त जात होतं. सहा महिने त्यांनी दुखणं अंगावर काढलं, सांगायची लाज. तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिने विचारलं, “मलाही होईल का?” मी लसीचं सांगितलं, तर आईच पटकन म्हणाल्या, “तिचं लग्न होऊ दे, मग बघू.”

इथेच आपली गल्लत होते. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. शरीरात शिरलेला विषाणू लस घालवू शकत नाही, म्हणून ती आधीच घ्यायची. ९ ते १४ या वयात प्रतिकारशक्ती उत्तम तयार होते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरा वर्षांनंतर सुरू केली तर तीन. त्या मुलीने तिन्ही घेतले. पहिल्या डोसला आई सोबत होती.

“एवढ्या लहान मुलीला असली लस?” असं आज्या विचारतात. अहो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कोणी मुद्दाम खिळ्यावर पाय देतं का?

मुलग्यांनाही ही लस देता येते. घशाचे काही कॅन्सरही याच विषाणूमुळे होतात. २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ही मिळते.

आणि आपण आया? तिशीनंतर तपासणी करायचीच, लस घेतलेली असली तरी. आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. खेड्यातल्या बायका तपासणीला गेल्या, आणि आपल्याला सोसायटीच्या गेटबाहेरची लॅब लांब वाटते!

असो, तिळगूळ वाट बघतोय. खाजगीत विचारायचं असेल तर रविवारी सकाळी घरी या. मुलींनाही आणा; त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा सरळ असतात.