तांब्याचा गळा
(कर्जत येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



तांब्यापितळेच्या भांड्यांवर ज्या ज्ञातीचा संसार चालला, तिच्या मेळाव्यात पोलादाच्या भांड्यांविषयी बोलणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु आज दुपारी आपण जेवलो ती ताटे स्टेनलेस स्टीलचीच होती.

१९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी हे न गंजणारे पोलाद सिद्ध केले. ताटवाट्यांसाठी पुढे रूढ झालेल्या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिसूक्ष्म संरक्षक थर बसतो. मग कल्हई नको की चिंच नको. आमच्या मातोश्रींनी जुने पितळ मोडीत देऊन पहिली सहा ताटे घेतली, तीही वडिलांस न विचारता. वडील दोन दिवस त्या ताटात जेवले नाहीत. न्याय मातोश्रींच्याच बाजूस होता. भांडी घासणारे हात वडिलांचे नव्हते.

तथापि वडिलांचा राग अगदीच पोकळ नव्हता. तांबे भट्टीत मंद लाल केले की मऊ पडते आणि हातोडीने मठारले की पुन्हा ताठ होते. ते ठोके निव्वळ शोभेचे नसून भांड्याचे बळ होते. स्टेनलेस स्टील ठोकू लागताच हट्टाने कठीण होते. ते मऊ करण्यास हजार अंशांहून अधिक उष्णता सर्वत्र सारखी द्यावी लागते. भात्याच्या भट्टीचे ते काम नव्हे, दाबयंत्राचे होय. खोपोलीस टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालीच सुरू झाले होते. साठीच्या दशकात तेथे महिंद्रा युजीनचा मिश्रपोलादाचा कारखानाही आला. आमचे धाकटे काका ऐरण सोडून तिकडच्याच एका कारखान्यात लागले.

इंग्लंडात मात्र निराळे घडले. रॉबर्ट वेल्च हे मूळचे रुपेकाम शिकलेले कारागीर. ओल्ड हॉल या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याने १९५५ साली त्यांस आपले संकल्पक नेमले, म्हणजे नव्या धातूस घाट देण्यासाठी जुन्या धातूच्या माणसास बोलावले. आपल्याकडे यंत्राने तांब्याचा घाट जसाच्या तसा उचलला. तांबटास कोणी विचारले नाही. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि त्यामागोमाग १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. धरण्यास गळा, कडेवर घेण्यास पोट, धार नीट पडावी म्हणून बाहेर वळलेला काठ. हे सारे कोण्या एकाने योजले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी ते ठरले होते.

पुढे घरात स्टीलचा तांब्याही आला. वडिलांनी तो हातात फिरवून पाहिला. वजनास हलका, बुडाशी चपटा, याबद्दल नाक मुरडले. मग काठावरून अंगठा फिरवीत म्हणाले, "गळा आपलाच आहे."

तो तांब्या आणि वडिलांनी घडविलेला, असे दोन्ही बाहेर मांडवात ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने हातात घेऊन पाहावेत.