विजेवाचून सकाळची कॉफी



वीज नसलेल्या घरी सकाळची कॉफी कशी करावी, हा विषय ज्युबिलीच्या व्यासपीठावर काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु घरातला पहिला विस्तव याच कामासाठी पेटतो आणि तो पेटविणारी त्या वेळी बहुधा एकटीच जागी असते. म्हणून मी हा विषय घेतला आहे.

आपल्या काचीगुड्यात कॉफीच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. मनमाडच्या गाडीने येऊन येथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची कॉफी दुधात उकळलेली, जायफळ-वेलची घातलेली. शेजारच्या तेलुगू घरची डिकॉक्शनची. (इराणी चहावाल्यांनी दोघांनाही बिघडविले, ती गोष्ट निराळी!) दोहोंपैकी कोणत्याही कॉफीला विजेची गरज नाही. डिकॉक्शनचे पितळी पात्र म्हणजे दोन मजली भांडे. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालून चकतीने हलकेच दाबावी आणि वर उकळी येऊन किंचित निवलेले पाणी ओतावे. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. पंधरा-वीस मिनिटे लागतात, त्यात आपली घाई उपयोगी पडत नाही. बिया दळण्यापुरता काय तो विजेचा प्रश्न, आणि त्याला हाताची चक्की आहे. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत शहराच्या अनेक भागांतली वीज गेली, तेव्हा ज्यांच्या डब्यात दळलेली पूड होती त्यांचे काही अडले नाही.

खरा प्रश्न विस्तवाचा आहे. चार पेल्यांसाठी अर्धा लिटर पाणी उकळावयाचे, तर लागणारी उष्णता सुमारे दहा ग्रॅम सुक्या लाकडात असते. दहा ग्रॅम म्हणजे बोटाएवढी काटकी! परंतु तीन दगडांच्या चुलीवर प्रत्यक्षात त्याच्या आठ-दहा पट सरपण जळते. बाकीची उष्णता भिंतींना नि वाऱ्याला जाते, आणि अर्धवट जळलेला धूर जातो फुंकणी धरून बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत. मांडीवरचे मूलही तोच धूर घेते. गॅसचे सिलिंडर आज खेडोपाडी पोचले आहे; पण ते पुन्हा भरून आणण्याचा खर्च झेपत नाही, तेथे चूल अजून थंडावलेली नाही.

यावर एक उपाय आपल्याच शहरात निघाला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. हैदराबाद इंजिनियरिंग रिसर्च लॅबोरेटरीचे डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची बिनधुराची चूल तयार केली आणि १९५३ साली तीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. चूल बंदिस्त, एका जाळावर ओळीने भांडी ठेवण्याच्या जागा, शेवटी धुराडे. आपल्या जुन्या वैलाच्या चुलीचीच ही सुधारलेली बहीण म्हणा. पुढच्या तोंडावर दूध तापते, तोवर मागच्या वैलावर वाया जाणाऱ्या उष्णतेने कॉफीचे पाणी निम्मे गरम झालेले असते. मग भांड्यांची अदलाबदल करावी, की झाले.

मात्र धुराडे काजळीने भरले की धूर मुकाट्याने घरात परततो. १९८० च्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली बसविल्या; त्यांतल्या पुष्कळ याच दुर्लक्षाने निकामी झाल्या. चूल बसविणाऱ्याचा फोटो निघाला, धुराडे झाडणाऱ्याची नेमणूक कोणीच केली नाही!

सूर्यचुलीचा सोस सकाळच्या कॉफीसाठी तरी करू नये. सहा वाजता सूर्यच पुरेसा उठलेला नसतो. दुपारी तापविलेले पाणी थर्मासमध्ये ठेवले तर सकाळी ते कोमट-गरम मिळते आणि तेवढे जळण वाचते, इतकेच. पुण्याच्या आरती संस्थेचे खरकट्यावर चालणारे गोबरगॅससारखे संयंत्र मात्र विचार करण्याजोगे आहे. त्यास २००६ साली अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले.

कोळशाची शेगडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कदापि पेटवू नये, विशेषतः थंडीत. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. शेगडी अंगणात पेटवावी, निखारे फुलल्यावरही दार उघडेच ठेवावे, आणि कॉफी झाली की ती बाहेर नेऊन ठेवावी.