घरशिक्षण : माया, शिस्त आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



संस्थेची पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्यांचे बालपण. या काळात साकीनाका पार बदलून गेला. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मोठ्यांचा प्रवास सुकर झाला. मुलांचा दिवस मात्र शाळेची व्हॅन, क्लास आणि गृहपाठ यांतच सरू लागला. त्यामुळे काही तरुण माता-पित्यांच्या मनात आज प्रश्न उभा राहतो की, मुलाला आपल्या मायेच्या छायेत, घरीच का शिकवू नये? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही आणि त्याचे उत्तर घाईने देण्याजोगेही नाही.

या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र गुंफल्या गेल्या आहेत : तान्ह्या मुलाचा स्नेहबंध आणि शाळेच्या वयातील मुलाचे घरशिक्षण. त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

स्नेहबंधाचा शास्त्रीय विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात त्यांनी दाखवून दिले की, अन्न आणि निवारा मिळूनही मायेच्या माणसाचा सहवास नसेल तर मूल कोमेजते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत जाऊन माता आणि बालकांचे निरीक्षण केले. पुढे विल्यम सीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी मूल अंगाशी बाळगणे, जवळ निजवणे, दीर्घकाळ स्तनपान करणे अशा आचारांची एक पद्धतच लोकप्रिय केली.

आपल्या घरांना यात नवे ते काय वाटावे? साडीची झोळी, तेल लावून घातलेली आंघोळ, आजीच्या कुशीतली झोप हे सारे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. दहा बाय बाराच्या खोलीत मूल वेगळे निजवायचे म्हटले तरी जागा कोठून आणावी? तथापि, या आचारांपेक्षा त्यामागील मर्म मोठे आहे. मूल रडले असता त्याला काय हवे ते ओळखणे आणि वेळेवर प्रतिसाद देणे, हे ते मर्म होय. मूल कडेवर आहे, पण आईचे डोळे मोबाइलवर आहेत, तर ती जवळीक नावापुरतीच उरते. उलटपक्षी, दिवसभर नोकरी करून सायंकाळी मुलाचे बोलणे मन लावून ऐकणारी माता आपल्या कर्तव्यात उणी पडत नाही. बोल्बींनीही आईच्या जागी स्थिरपणे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा विचार केला होता. ती व्यक्ती वडील, आजी किंवा आजोबाही असू शकतात. म्हणून स्नेहबंधाच्या नावाखाली नोकरदार सुनेला दोष देणे अन्यायाचे आहे. शासनानेही २०१७ साली मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी बारांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, ती या गरजेची जाण ठेवूनच.

एन्सवर्थ यांच्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या मुलाला आईविषयी खात्री असते, ते तिला सोडून खुशाल रांगत दूर जाते, नवी वस्तू हाताळते आणि भ्याले की परत येते. म्हणजे पक्का स्नेहबंध मुलाला बांधून ठेवत नाही, तो त्याला जगाकडे जाण्याचे बळ देतो. तेव्हा मायेपोटी मूल घरीच ठेवावे, हा निष्कर्ष या शास्त्रातून निघत नाही. घरशिक्षणाचा निर्णय त्याच्या स्वतंत्र गुणदोषांवरच घ्यावा लागतो.

घरी शिकून मोठी झालेली माणसे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्या माउलीने १८५८ साली जन्मलेल्या आपल्या कन्येला तेच ज्ञान दिले आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या कन्येचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव केला. याच त्या पंडिता रमाबाई. ज्या काळी मुलींना ज्ञानाची दारे बंद होती, त्या काळी घरानेच ते दार उघडले.

अलीकडचे उदाहरण मुंबईचेच आहे. मालविका राज जोशी सातवीच्या सुमारास असताना तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, तिला शाळेतून काढले आणि स्वतःची नोकरी सोडून घरी शिकवण्यास आरंभ केला. मालविकाला संगणक प्रोग्रामिंगची गोडी लागली. आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळवले आणि २०१६ साली वयाच्या सतराव्या वर्षी तिला अमेरिकेतील विख्यात एमआयटीमध्ये प्रवेश मिळाला. मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. या कथेचा पूर्वार्ध सर्वांना ठाऊक असतो, उत्तरार्ध मात्र पालकांनी विशेष लक्षात ठेवावा.

म्हणूनच कायदा आणि परीक्षा यांची माहिती आधी करून घ्यावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, परंतु घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी शिक्षा सांगितलेली नाही. घरशिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही आणि नावानिशी बंदीही नाही, अशी ही स्थिती आहे. याच कायद्याने शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद केली आहे, म्हणजे परतीची वाट खुली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष स्तर आणि पुढे दहावी-बारावीच्या परीक्षा देता येतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

आता साकीनाक्याच्या घरांचा हिशेब मांडू. घरशिक्षण म्हणजे बहुधा एका कमावत्या माणसाचा पगार सोडणे. बाप दुकानात किंवा गाळ्यावर, आई स्वयंपाक, धुणे आणि सासू-सासऱ्यांच्या औषधपाण्यात गुंतलेली, तर मुलाचा शिक्षक कोण? २०२० पासूनच्या टाळेबंदीत घरोघरी मोबाइलवर वर्ग भरले. ती घरात आणून बसवलेली शाळा होती, घरशिक्षण नव्हे. तिचा मुलांना आलेला शीण सर्वांनी पाहिला आहे. घरी शिकवायचे तर रोजचा नेम हवा, समवयस्क सोबती हवेत, मैदान हवे आणि पालकांना न येणारा विषय शिकवणारे कोणीतरी हवे.

आणखी एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मुलगा शाळेत आणि मुलगी मात्र ‘घरी शिकते’, असे एखाद्या घरी घडत असेल तर ते घरशिक्षण नसून मुलीची वंचना आहे. रमाबाईंच्या पित्याने घराचे दार ज्ञानासाठी उघडले होते. त्याच घराचा उंबरठा मुलीसाठी कुंपण होऊ नये. कसोटी सोपी आहे : दर वर्षाच्या शेवटी मुलगी काय नवे वाचू, मांडू आणि करू शकते? आणि उद्या तिने शाळेत जाते म्हटले, तर घर आनंदाने होकार देईल काय?

या संदर्भात ताराबाई मोडक यांचे स्मरण करणे उचित ठरेल. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी कामास प्रारंभ केला, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. घर आणि शाळा यांच्यात भिंत असलीच पाहिजे असे नाही, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

आपल्या पाठशाळेतही सहा वर्षांचे बालक आणि चौदा वर्षांची ताई एकाच सतरंजीवर बसून शिकतात. मोठे लहानांना सांभाळतात आणि नापास कोणीच होत नाही. जे मूल घरी शिकते त्याला येथे सोबती मिळतील, आणि जे शाळेत जाते त्याला येथे धास्तीविना शिकण्याची गोडी लागेल. दुपारी रिकामे राहणारे सभागृह वाचनासाठी खुले झाले, निवृत्त शिक्षकांनी आठवड्याचे दोन तास दिले, तर एकाकी आईचे ओझे कितीतरी हलके होईल. एकट्या घराला जे पेलत नाही, ते समाजाला पेलते.

घर निवडा वा शाळा, निर्णय अनेकांताच्या दृष्टीने, मुलाची बाजू धरूनही घ्यावा. त्याला रोज विचारावे आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. शिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो. जय जिनेंद्र.