पावसाची आठवण हा आपला पुरावा
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी बारावीपर्यंत शिकले, मोठं भाषण मला येत नाय. आज मी पावसाबद्दल बोलणार आहे. कोणी म्हणंल, बैठक जमिनीची अन् ही पावसाचं काय सांगते? पण ऐका.

आपल्या जव्हार-मोखाड्याकडं शेती तारखेवर चालत नाय. शेवळं उगवली की पाऊस जवळ आला. पावशा ओरडला की बी बाहेर काढायचं. मिरगात पेरायचं, हत्तीच्या पावसानं दाणा भरायचा. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाय.

आता हे गणित चुकायला लागलंय. राबासाठी पाला, शेण पसरून ठेवतो अन् वैशाखातच पाऊस येतो. राब भिजला की भाजत नाय, मग रोपात तण माजतं. मोहाची फुलं भिजून काळी पडतात. मिरगात पेरलं की पुढं कडक ऊन, बी करपतं.

मागल्या दिवाळीत आमचं कापलेलं भात तीन दिवस पाण्यात राहिलं. लोंबीलाच कोंब फुटले. पंचनाम्याला माणूस आला, तो शेजारच्या सातबाराच्या शेतापर्यंत आला अन् तिथूनच वळला. बाबानं हाक मारली, तर म्हणाला, "तुमचा फॉरेस्ट प्लॉट आहे, कागद कुठाय?" पाऊस तर दोन्ही शेतांत सारखाच पडला होता.

त्या रात्री आजी बोलली, "७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढले. पुढल्या पावसाला तुझ्या आजानं याच माळावर वरई लावली." मी म्हटलं, आजे, हे तू आधी का नाय सांगितलं? ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाय."

साथींनो, वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा असतो. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. शेताचे बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी हाही पुरावा आहे. असे दोन पुरावे लागतात. म्हणजे माझ्या आजीचा जबाब शेजाऱ्याच्या दाव्याला अन् शेजारच्या आजाचा आमच्या दाव्याला.

म्हणून तीन कामं करू.

एक. पोरापोरींनी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारा. "कोणत्या साली?" असं विचारू नका, साल आठवत नाय. दुष्काळ कधी, पूर कधी, तेव्हा कोण कुठं काय पिकवत होतं, ते विचारा. सांगतील तसंच लिहा, वाचून दाखवा, मग अंगठा घ्या.

दोन. ग्रामसभेत पावसाची वही ठेवा. पहिला पाऊस, राब, पेरणी, कापणी, नुकसान, सगळं तारखेसकट लिहा.

तीन. पीक बुडालं तर प्लॉटधारकांचीही नावं घालून ग्रामसभेचा ठराव करा, तहसीलला द्या अन् पोच घ्या. भरपाई लगेच मिळंल असं मी सांगत नाय. पण तुमचं नुकसान झालंच नाय, असं मग कोणी म्हणू शकणार नाय.

आपली म्हातारी माणसं दर पावसाळ्यात कमी होतायत. त्यांच्यासोबत पुरावाही जातोय. हा पावसाळा लागायच्या आधी पहिलं काम पुरं करू.

जिंदाबाद!