पचमढीच्या सोप्या वनवाटा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. मी विद्वान नव्हे. चालण्याची हौस आणि मध्यप्रदेशात काढलेले आयुष्य, एवढ्या दोनच गोष्टींच्या बळावर मी आपल्यापुढे उभा आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "पचमढीच्या सोप्या वाटांविषयी बोलेन." ते म्हणाले, "सोप्या वाटांवर तासभर काय बोलणार?" त्यांची शंका रास्त होती. गिर्यारोहणाची वर्णने आपण आवडीने वाचतो. सोप्या वाटेला मात्र कोणी मान देत नाही. तो तिला मिळावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

सोपी वाट कशाला म्हणावे? माझी व्याख्या साधी आहे. ज्या वाटेने आजी आणि नातू एकाच वेळी, एकमेकांचा हात धरून जाऊ शकतात, ती सोपी वाट. कड्यावर एकटा तरुण जातो, सोप्या वाटेने सारे कुटुंब जाते. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भेद मोलाचा वाटावा.

पचमढी सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेत, नर्मदापुरम जिल्ह्यात, सुमारे साडेतीन हजार फूट उंचीवर आहे. इटारसी–जबलपूर लोहमार्गावरील पिपरिया स्थानकावर उतरावे आणि पन्नासेक किलोमीटरचा घाटरस्ता चढावा. जवळच धूपगड आहे. १३५२ मीटर उंचीचे हे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर. कॅप्टन जेम्स फोरसाइथ १८६२ साली येथे आला. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे या पठाराचे नाव इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. म्हणून पचमढी त्याने 'शोधली' असे म्हणण्याची चाल पडली. परंतु ज्या डोंगरात कोरकू आणि गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, ज्याच्या खडकांच्या आडोशांत आदिमानवाने चित्रे रंगवून ठेवली होती, तो डोंगर हरवला होता कोठे? आपण ज्यांना सहलीच्या वाटा म्हणतो, त्या मुळात या लोकांच्या रोजच्या वाटा आहेत.

मराठी माणसालाही हा डोंगर परका नाही. तात्या टोपे १८५८ च्या ऑक्टोबरात नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे उतरले, तेव्हा याच मुलखात आले होते. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, तर उन्हाळी ठाणे पचमढी होते. नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या पत्नी आयरीन यांचे नाव येथील एका डोहाला मिळाले होते. आज त्याला रम्यकुंड म्हणतात.

आता भूमीविषयी थोडेसे. सह्याद्रीतून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना काळ्या कातळाची सवय असते. तो लाव्हारसाचा खडक. येथला खडक वालुकाश्म आहे, वाळूचेच थर दाबले जाऊन बनलेला. पाणी या दगडाला खरवडते, भेगांतून शिरून खोल घळी पाडते, आणि जेथे उंचावरून पडते तेथे डोह कोरते. म्हणूनच पचमढीत धबधबा, डोह आणि अरुंद दरी ही तिन्ही जवळजवळ सापडतात. घळींत ऊन फार वेळ टिकत नाही. त्या दमट सावलीत नेच्यांच्या कितीतरी जाती वाढतात. वर पठारावर सालवृक्ष, खालच्या उतारांवर सागवान, अशी दोन अरण्यांची येथे गाठ पडते. डोके वर करून चालणाऱ्याला फांद्यांतून झेपावणारी मोठी, तांबूस खार दिसते. हीच आपली शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरला जिच्यासाठी लोक मुद्दाम जातात, ती येथेही भेटते.

पहिली वाट तलावापासून जटाशंकरापर्यंतची. गावातला तलाव माणसाने बांधलेला आहे. सकाळी त्याच्या काठाने सावकाश फिरावे, पाय मोकळे करावेत, आणि मग दीड-दोन किलोमीटरवरच्या जटाशंकराकडे निघावे. शेवटी घळीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंनी खडक जवळ येतात, हवा एकाएकी थंड होते, आणि गुहेत निसर्गाने घडवलेली शिवलिंगे व झऱ्याचे गार पाणी दिसते.

दुसरी वाट अप्सराविहाराची. पांडवगुंफा पाहून पुढे जावे. वाहन जेथे थांबते तेथून झाडीतली छोटी उतरण लागते. तळाशी लहानसा धबधबा आणि त्याचा डोह. येथून दगडांवरून आणखी दहा मिनिटे चालले की रजतप्रपाताचे दर्शन होते. हा प्रवाह सुमारे साडेतीनशे फूट खाली कोसळतो, आणि त्याची पांढरी रेघ समोरच्या कड्यावर चांदीच्या तारेसारखी दिसते. दगडांवरचा हा शेवटचा टप्पा ज्यांना नको असेल, त्यांनी डोहाकाठी बसावे. तेथे बसणेही वाया जात नाही.

तिसरी वाट जमुना प्रपाताची, ज्याला बी फॉल म्हणतात. पचमढीला पिण्याचे पाणी याच प्रवाहातून मिळते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मग कागद-पिशव्या टाकू नका असे वेगळे सांगावे लागत नाही. ही वाट उतरताना सोपी आणि चढताना अवघड आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच प्रपात पाहावा. चालण्याचा हिशेब नेहमी परतीचा करावा, जाण्याचा नव्हे.

सोपी वाट म्हणजे निष्काळजीपणाची वाट नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अशा ठिकाणी दुर्घटना होतात त्या बहुधा चालताना नव्हे, पाण्यात होतात. डोहाचा तळ दिसत नाही. शेवाळलेला दगड पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाडतो. आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली निरभ्र आकाशाखालीही पाणी चढते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून पालापाचोळा वाहू लागला, की तत्क्षणी काठ सोडावा. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. तेथे धूर करू नये. माकडांना खाऊ घालू नये. हे अरण्य सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्राला लागून आहे, म्हणून कोणती वाट खुली आहे, परवाना लागतो का, हे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा.

हा शेवटचा नियम मी उशिरा शिकलो. तो कसा, ते सांगतो.

माझी आई अमरावतीकडची. नोकरीमुळे आम्ही इकडे आलो, तीही आमच्याबरोबर आली आणि तीस वर्षे राहिली. परंतु तिच्या बोलण्यात 'आपल्याकडे' म्हणजे सदैव वऱ्हाड. "आपल्याकडे अशी थंडी नसते, आपल्याकडे ज्वारी वेगळी." आम्ही दर दोन-तीन वर्षांनी पचमढीला जात असू. तिला मात्र प्रत्येक वेळी मी घरी ठेवले. "तुला चालवणार नाही," असे मी म्हणे, आणि ती वाद घालत नसे. खरे कारण असे, की तिच्यामुळे आमचे चालणे रेंगाळेल, अशी मला धास्ती होती. हे सांगताना मला आजही संकोच वाटतो.

एका महाशिवरात्रीच्या आधी मुलांनी हट्ट धरला, आणि आजी बरोबर आली. जटाशंकराच्या वाटेवर ती दर पन्नास पावलांना थांबत होती, आणि मी घड्याळ पाहत होतो. इतक्यात मागून गाणे ऐकू आले. खांद्यावर त्रिशूळ घेतलेली पंधरा-वीस माणसे येत होती. हे त्रिशूळ चौरागडच्या महादेवाला वाहायचे असतात. नवस फेडायला विदर्भातून पिढ्यान्‌पिढ्या लोक येतात, श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीलाही जातात. ते महादेवाची गाणी म्हणत होते. आई थांबली. "कुठल्या गावचे हो तुम्ही?" तिने विचारले. "मोर्शीकडले आहो, माय," त्यांच्यातील एक म्हातारा म्हणाला.

आईचे माहेर त्याच भागातले. तिचे वडील असाच त्रिशूळ घेऊन महादेवाला आले होते, हे तिने तेव्हा प्रथमच आम्हांला सांगितले. तीस वर्षांत आम्ही कोणी ते विचारलेच नव्हते. मग ती त्या मंडळींबरोबर चालू लागली, गाण्याच्या ओळी तिला पाठ होत्या, आणि पायऱ्यांपर्यंत ती एकदाही थांबली नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "आपल्याकडचा महादेव किती थंड जागी बसलाय, नाही?" 'आपल्याकडचा' हा शब्द सातपुड्याला लावताना मी तिला पहिल्यांदा ऐकले.

मित्रहो, आपण मुलांना सिंहगड आणि रायगड यांची नावे शिकवतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर ती जन्मली, तिच्या ओढ्यांची आणि झाडांची नावे त्यांना कोण सांगणार? जी भूमी पायाखालून गेली नाही, ती आयुष्यभर केवळ पत्त्यापुरती आपली राहते. या मंडळाने पन्नास वर्षे गणपती, नाटके आणि दिवाळीचे फराळ एकत्र केले. माझी विनंती एवढीच, की पुढील वर्षापासून वर्षातून एकदा तरी मंडळाने एकत्र चालावे. वाट सोपी निवडावी. आणि निघताना घरात कोणी 'मला नाही झेपायचे' म्हणून मागे राहत असेल, तर आधी त्यांना बरोबर घ्यावे. कदाचित त्या वाटेची खूण आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असेल.