दुखणं आपल्या भाषेत

पोटात कळ येते, डोकं ठणकतं, पाठीत उसण भरते. आता हेच परक्या भाषेत डॉक्टरांना सांगून बघा!

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या फ्रेंच भाषकांची नेमकी हीच अडचण. शेजारच्या क्विबेकमध्ये फ्रेंच ही राजभाषा. ओंटारिओत मात्र ते शंभरात जेमतेम चार-पाच. त्यांचा मोठा आधार म्हणजे ओटावातलं मॉन्फोर रुग्णालय, १९५३ सालचं. डॉक्टर आणि परिचारिका फ्रेंचमधून प्रशिक्षण घेतात, तेही तिथंच.

फेब्रुवारी १९९७ मध्ये सरकारी आयोगानं ते बंद करायला सांगितलं. कारण नेहमीचंच, काटकसर! माजी महापौर जिझेल लालोंद अगदी पदर खोचून म्हणावं तशा उभ्या राहिल्या. २२ मार्चच्या सभेला सुमारे १०,००० माणसं लोटली. मग आयोग नरमला. टाळं नको, पण सेवा छाटू, म्हणाला. लोकांनी कोर्ट गाठलं.

खालच्या कोर्टानं आयोगाचा आदेश रद्द केला आणि डिसेंबर २००१ मध्ये अपील न्यायालयानंही तो रद्दच ठेवला. अल्पसंख्याकांचं रक्षण हे राज्यघटनेचं अलिखित तत्त्व आहे, ते आयोगानं पाहिलंच नाही, असं न्यायालय म्हणालं. सरकार पुढे अपिलात गेलं नाही. मॉन्फोर आजही चालू आहे.