कापूस आपल्या वावरात, शिलाई परक्या देशात

कळंबहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. सध्या वेचणीचे दिवस आहेत. कोणी बांधावर सावलीला बसून ऐकत असेल, कोणाच्या कमरेला अजून फडकं बांधलेलं असेल. आज कापसाबद्दलच बोलायचं आहे. पण वेचून झाल्यावर, पोतं गाडीत चढल्यावर तो कापूस कुठं जातो आणि त्याच्यासोबत आपलं काम कुठं जातं, त्याबद्दल.

निमित्त असं झालं. मागच्या बैठकीला एका मुलीनं भावाचा नवा शर्ट आणला होता. कॉलरमागच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, बांगलादेशात बनलेला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईनं विचारलं, "तिकडं कापूस पिकते का वं?" खरं उत्तर असं की नावापुरता पिकतो. तो देश कापूस आणि सूत बाहेरून विकत घेतो, आणि त्यातलं बरंच भारतातून जातं. म्हणजे तो शर्ट कदाचित आपल्याच वावरातून गेला, शिवून परत आला, आणि आपण तो पैसे देऊन घेतला. मग शिलाई आपल्याकडं का झाली नाही?

हा प्रश्न आम्हाला उगाच पडलेला नाही. दोन वर्षांमागं एका व्यापाऱ्यानं आमच्या गटाला कापडी पिशव्या शिवायचं काम दिलं होतं. चार महिने चांगलं चाललं. आमच्यापैकी तिघींनी हप्त्यावर शिलाई मशीन घेतल्या. मग एक दिवस माल येणं बंद झालं. फोन केला तर तो म्हणाला, "ताई, दुसरीकडं मला नगामागं दीड रुपया कमी पडतो." पिशव्या थांबल्या, हप्ते थांबले नाहीत. आता पुन्हा दहा मशीनसाठी कर्ज घ्यायचं की नाही, हे आम्हाला ठरवायचं आहे. म्हणून म्हटलं, काम एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी का जातं, ते आधी समजून घेऊ.

आधी हिशेब. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईचं सूत होताना काही वाया जातं, कापड बेततानाही कातरण जातं. हाती राहतं २५ किलोच्या आसपास. एका शर्टाला पाव किलो धरा. म्हणजे एका क्विंटलचे शंभर शर्ट. मैत्रिणींनो, याचा सोपा अर्थ लक्षात ठेवा. तुम्ही एक किलो कापूस वेचता, तेव्हा एका माणसाचा शर्ट वेचता.

आता पैसे बघा. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे पूर्ण हमीभाव मिळाला तरी शर्टातला कापूस ८१ रुपयांचा, आणि त्यात सरकीही आली. वेचणीचे किलोमागं दहा रुपये धरले, तर शर्टात वेचणारीचे दहा रुपये. तोच शर्ट दुकानात सहाशे-सातशेला मिळतो. मधले पैसे सूत, कापड, रंग, शिलाई, वाहतूक, दुकान आणि नाव यांत वाटले जातात. शेतात पिकवायचं आणि कच्चंच विकायचं, म्हणजे ताटातलं पहिलं वाढप आपलं आणि बाकीचं जेवण दुसऱ्याचं.

हे आजचं नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडावर गेली. इथला कापूस जहाजानं मँचेस्टरकडं जाई, तिकडं कापड होई आणि परत इथं विकायला येई. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडी कशासाठी टाकली होती? मुख्यतः कापूस वाहून न्यायला. तिचं वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं. आपल्या भागातल्या विणकराचा माग तेव्हाच मंदावला.

पण काम एकाच दिशेनं जात नाही. जमशेटजी टाटांनी विचार केला, कापूस जिथं पिकतो तिथंच गिरणी का नको? १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जे काम मँचेस्टरला गेलं होतं, त्यातलं काही नागपूर-मुंबईत आलं. पुढं विसाव्या शतकात मँचेस्टरकडच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तिकडच्या बायकांनीही हाच प्रश्न विचारला असेल, आमचं काम कुठं गेलं?

मग आपल्याकडून ते का गेलं? मुंबईचं ऐका. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. संप मोडला आणि कितीतरी कामगार कामावर परतलेच नाहीत. पण सगळा दोष संपाला देऊ नका. त्याआधीपासून कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकत होतं. तिथं मजुरी कमी, कायद्याची अडचण कमी. बऱ्याच मालकांनी जुन्या मशीन बदलल्या नाहीत. पुढं तर गिरणीच्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. नागपूरची एम्प्रेस मिलही शेवटी २००२ मध्ये बंद झाली.

आणि बायांचं काय? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यात बायाच असत. नवी यंत्रं आली तशा आधी बाया कमी झाल्या. काम परदेशी जायच्या कितीतरी आधी ते बाईच्या हातून गेलं होतं. तेव्हा कारखाना आला की आपोआप बाईला काम मिळालं, असंही समजू नका.

आता बांगलादेशाकडं वळू. सूत आणि कापड आज मोठमोठ्या यंत्रांवर होतं, माणसं थोडी लागतात. यवतमाळजवळ लोहाऱ्याला डेनिमचा कारखाना आहे, तिथं करोडोंची यंत्रं आहेत. तशी यंत्रं सहज उचलून नेता येत नाहीत. शिलाईचं तसं नाही. कापड मऊ असतं, सरकतं, दुमडतं. ते धरायला अजून माणसाचीच बोटं लागतात. शिलाई मशीन मात्र ट्रकमध्ये घालून कुठंही नेता येते. म्हणून कपड्याच्या धंद्यात शिलाईचं काम सगळ्यात आधी जागा बदलतं.

१९७४ पासून जगात एक पद्धत होती. कोणत्या देशानं श्रीमंत देशांत किती कपडा विकायचा, याचा कोटा ठरलेला असे. दक्षिण कोरियाचा कोटा अपुरा पडू लागला. म्हणून तिथल्या देवू कंपनीनं बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी हातमिळवणी केली आणि तिथले सुमारे १३० लोक कोरियात नेऊन शिकवले. शिकून आलेल्यांपैकी अनेकांनी पुढं स्वतःचे कारखाने काढले. आज तिथं या धंद्यात चाळीस लाखांच्या आसपास लोक आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक बाया. त्या देशाच्या परदेशी विक्रीतल्या शंभरातले ऐंशीहून जास्त रुपये कपड्याचे.

स्वस्त मजुरी हे एक कारण आहेच. पण तेवढंच असतं तर आपल्याकडचीही मजुरी काही फार नाही. बाकीची कारणं ऐका.

पहिलं, कर. गरीब देश म्हणून बांगलादेशचा कपडा युरोपात बिनकराचा जात आला. भारताच्या कपड्यावर वर्षानुवर्षे सुमारे दहा टक्के कर लागला. शंभर रुपयांच्या मालावर दहा रुपयांचा फरक. आमच्या पिशव्या तर दीड रुपयासाठी गेल्या होत्या.

दुसरं, आपलाच नियम. तयार कपडे शिवणं आपल्याकडं बरीच वर्षं लघुउद्योगासाठी राखून ठेवलेलं होतं. हेतू चांगला होता, लहानांना संरक्षण. पण त्यामुळं हजार मशीनचा कारखाना काढणं अवघड झालं. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणात ही अट निघाली, तोवर शेजारी पुढं गेला होता. ज्या खरेदीदाराला एका महिन्यात लाख शर्ट हवे असतात, तो दहा ठिकाणी फिरत नाही.

तिसरं, वेळ. बोट चुकली की ऑर्डर गेली. कळंबहून समुद्र लांब. वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. वीज गेली की शिलाई थांबते, हे आपल्याला सांगायला नको.

चौथं, सरकारांचे निर्णय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्के कर लावला आणि तमिळनाडूत तिरुप्पूरच्या शिलाई कारखान्यांच्या ऑर्डरी अडकल्या. कारखान्यांना दिलासा म्हणून त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के कर वर्षअखेरपर्यंत काढला. शिवणाऱ्याला कापूस स्वस्त हवा, पिकवणाऱ्याला महाग. आणि आपल्या घरात तर सासू कापूस वेचते आणि सून मशीनवर बसते. कोणाच्या बाजूनं बोलायचं?

एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगतो. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत शिलाईचे कारखाने होते. ११०० हून जास्त माणसं मेली, त्यांत बायाच जास्त. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. डिसेंबर २०२३ पासून तिथं कमीत कमी पगार महिन्याला १२,५०० टका झाला, आपले साधारण नऊ हजार रुपये. तेव्हा आपलं काम "तिकडच्या बाईनं पळवलं" असं म्हणू नका. तीही आपल्यासारखीच हप्ते भरणारी आहे. उद्या आणखी कुठं दीड रुपया वाचला तर तिचंही काम उठेल.

मग आम्ही काय करायचं? मशीनच घ्यायच्या नाहीत का? बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, वेचणी चार महिन्यांची, बाकी आठ महिने काय करायचं? दुसरा म्हणे, मागचा हप्ता विसरलात का? शेवटी असं ठरलं, की कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची. माल घेणार कोण, आणि तो एकटाच आहे का? काम किती महिने, ते कागदावर आहे का? नगाच्या दरातून दोरा, वीज, तेल, वाहतूक वजा जाऊन हाती काय उरतं? माल नापास झाला तर नुकसान कोणाचं? आणि काम थांबलं तर त्याच मशीनवर दुसरं काय शिवता येईल? पाचांपैकी तीनची उत्तरं नसतील तर दहा नाही, दोनच मशीन.

दुसरं असं ठरलं, की जे काम लांब पळून जाऊ शकत नाही, ते आधी धरायचं. ब्लाउज, फॉल-पिको, जुन्या कपड्याची दुरुस्ती. माप घ्यायला बाई समोर लागते, ते ढाक्याहून होत नाही. आणि शाळेचे गणवेश. २०२४-२५ मध्ये सरकारनं ते माविममार्फत बचत गटांच्या बायांकडून शिवून घ्यायचं ठरवलं होतं. पुरवठ्याला उशीर झाला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं गेलं. आम्हाला वाटलं, हेही गेलं. मग एकीनं आठवण दिली, ही समिती म्हणजे कोण? शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात चारात तीन जण पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. म्हणजे आपणच की! बांगलादेशाचा कर आपल्या हातात नाही, अमेरिकेचा नाही. पण गावच्या शाळेचा गणवेश कोणी शिवायचा, त्या बैठकीत आपली खुर्ची आहे. ती आजवर बऱ्याचदा सहीपुरती राहिली, हा दोष आपला.

पुढच्या महिन्यात आम्ही आमच्या शाळेच्या समितीपुढं दर, नमुना आणि तारीख लिहून ठेवणार आहोत. तारीख पाळता येईल एवढेच नग मागणार. काम मिळेल की नाही, ते पुन्हा बोलू तेव्हा सांगू. तोवर तुम्ही एक करा. घरात जेवढे शर्ट आहेत, त्यांच्या कॉलरमागची चिठ्ठी मुलांकडून वाचून घ्या. कोणता कुठं शिवला ते लिहा आणि गटाच्या बैठकीत आणा. आणि उद्या वावरात पहिला किलो वेचून झाला, की मनात म्हणा, हा एक शर्ट झाला. मग विचार करा, तो पुढं कोणाच्या हातात जाणार आहे.